आधी बशी उलटी करा : जुन्या चिनी निळ्या-पांढऱ्या पोर्सलीनचा संग्रह कसा करावा

जुनं चिनी निळं-पांढरं पोर्सलीन घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा चित्राला भुलतो. पॅगोडा, पूल, होडीतला कोळी, झाडाखालची हरणं. विकणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून बशी कपाटात उभी करून वरून पिवळा दिवा सोडलेला असतो. पण चित्राचीच नक्कल सगळ्यात सोपी. हातानं अशी चित्रं काढणारे उत्तम कारागीर चीनमध्ये आजही आहेत. अवघड जाते ती तळाची नक्कल, कारण तिथे माती उघडी असते आणि भट्टीच्या व वापराच्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या असतात. म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे : तळ आधी, चित्र सगळ्यात शेवटी.

माल कुठला, कधीचा

निर्यात पोर्सलीन म्हणजे चीनबाहेरच्या गिऱ्हाइकासाठी घडवलेला माल. त्यातला चांगला माल बहुतांशी जिआंगशी प्रांतातल्या जिंगदेझेन गावचा. पांढरी केओलिन माती आणि पोर्सलीनच्या दगडाची भुकटी मळून भांडं घडवायचं, कच्च्या भांड्यावर कोबाल्टनं चित्र काढायचं, वर झिलई द्यायची आणि १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजायचं. चित्र झिलईखाली बंद झालेलं असतं. त्यामुळे अडीचशे वर्षांच्या बशीवर ओरखडे पडतील, झिलईची चमक मंद होईल, पण निळा रंग उडणार नाही. ‘रंग पुसट झालाय, म्हणजे जुनी आहे’ असं कुणी सांगू लागलं तर खुशाल पुढच्या दुकानात जावं.

कालखंड मोजके लक्षात ठेवले तरी काम भागतं. वानली सम्राटाच्या काळात (१५७३–१६२०) पोर्तुगीज आणि पाठोपाठ डच जहाजांतून जो माल युरोपात गेला त्याला ‘क्राक’ म्हणतात. अंगानं पातळ, काठाभोवती रुंद-अरुंद कप्पे, मध्ये हरणं, खडकावरचा पक्षी किंवा बदकं. पोर्तुगीज १५५७ मध्ये मकावला स्थिरावले आणि मकाव–गोवा–लिस्बन ही वाट पक्की झाली. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारीना’ हे पोर्तुगीज जहाज पकडलं, त्यातल्या मालाचा पुढच्या वर्षी ॲम्स्टरडॅमला लिलाव झाला आणि तिथल्या श्रीमंतांना या भांड्यांचं वेड लागलं.

मिंग घराणं १६४४ मध्ये पडलं, भट्ट्या विस्कळीत झाल्या. डचांनी जपानच्या आरिता गावातून माल घेतला. हे पुढे कामी येईल. कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२–१७२२) जिंगदेझेन पुन्हा उभं राहिलं. निळ्या रंगाची सगळ्यात देखणी छटा याच काळातली, एकाच फुलात फिकट ते गडद असे थर दिलेली. चिएनलोंगच्या काळात (१७३६–१७९५) मागणी वाढली आणि चहा-जेवणाचे पूर्ण संच होडीनं, मग खिंडीतून हमालांच्या खांद्यावरून आणि पुन्हा नदीनं कँटनला येऊ लागले. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना तेवढं एकच बंदर खुलं होतं. एकोणिसाव्या शतकातला माल जाड, करड्या छटेचा आणि घाईत रंगवलेला असतो. बाजारात त्याला काठाच्या नक्षीवरून ‘नानकिंग’ किंवा ‘कँटन’ म्हणतात : भाल्याच्या टोकांची रांग असेल तर नानकिंग, जाळी आणि तिच्याखाली नागमोडी रेघ असेल तर कँटन.

आपल्याकडचा धागा दोन ठिकाणी लागतो. एक गोवा : जुन्या गोव्यात अशा भांड्यांचे तुकडे जमिनीतून निघालेले आहेत, आणि चांदोरच्या ब्रागांझा घरात मकावच्या वाटेनं आलेली चिनी भांडी आजही पाहता येतात. दुसरी मुंबई. कापूस आणि अफू कँटनला न्यायची आणि परतताना चहा, रेशीम, साखर नि भांडी आणायची, या व्यापारात पारशी घराणी मोठी झाली. जमशेटजी जीजीभॉय स्वतः चीनच्या सफरी करून आलेले. इथल्या बाजारात खरा जुना नग निघाला तर तो बहुधा अशाच एखाद्या घरातून बाहेर पडलेला असतो.

पैसे काढण्याआधी हात तयार करा

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतलं चिनी आणि जपानी पोर्सलीन आहे. हैदराबादच्या सालारजंगमध्येही भरपूर आहे. लंडनला राहणाऱ्यांची तर चैन आहे : ब्रिटिश म्युझियमचं ९५ नंबरचं दालन आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट दोन्ही फुकट. हॉलंडमध्ये लेउवार्डेनचं प्रिन्सेसहोफ, अमेरिकेत सेलमचं पीबडी एसेक्स. एकाच फेरीत सगळं पाहू नका. एक काळ घ्या, एक आकार घ्या, तेवढंच पाहा.

मात्र काचेआडच्या वस्तूंनी डोळा तयार होतो, बोटं नाही. त्यासाठी माझा सल्ला लोकांना विचित्र वाटतो : पहिली खरेदी फुटक्या वस्तूची करा. अर्धी बशी, वाडग्याचं बूड, काहीही, फक्त कुणा जाणत्यानं खात्री दिलेलं. तुटलेल्या कडेला माती दिसते. चिनी पोर्सलीनची कड घट्ट, पांढरी किंवा किंचित करडी असते. झिलई आणि माती एकजीव झालेल्या असतात. डच डेल्फ्टचा (हॉलंडमधली चिनी धर्तीची मातीची भांडी) टवका उडाला की आत पिवळसर, मऊ माती दिसते आणि वरचा पांढरा थर पापुद्र्यासारखा सुटतो. हा फरक एकदा बोटाखालून गेला की पुढे गल्लत होत नाही. अशा खापऱ्या स्वस्त पडतात, आणि त्यांचा मला आलेला उपयोग कुठल्याही जाडजूड ग्रंथापेक्षा जास्त आहे.

एक प्रकार निवडा

‘जे आवडेल ते’ घेणाऱ्याचा संग्रह होत नाही, अडगळ होते. सुरुवातीला दोनच प्रकार मी सुचवतो. पहिला, चिएनलोंग काळातल्या जेवणाच्या बश्या. त्या प्रचंड संख्येनं बनल्या, म्हणून आजही मिळतात, तुलनेला भरपूर नमुने आहेत आणि नकलाकाराला त्यांत फारसा नफा नाही. दुसरा, बुडालेल्या जहाजांतला माल.

जहाजांमध्ये पोर्सलीन तळाशी भरत, कारण पाणी लागून ते बिघडत नाही. चहाच्या पेट्या वर. म्हणून जहाज बुडालं, चहा कुजला, तरी भांडी राहिली. डच कंपनीचं ‘गेल्डरमालसेन’ जानेवारी १७५२ मध्ये दक्षिण चीन समुद्रात खडकावर आपटलं. त्यातून काढलेली दीड लाखाच्या आसपास भांडी १९८६ मध्ये ॲम्स्टरडॅमला ‘नानकिंग कार्गो’ म्हणून लिलावात गेली. ‘तेक सिंग’ ही चिनी नाव १८२२ मध्ये बुडाली. तिच्यातले साडेतीन लाखांच्या घरातले नग २००० मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला विकले गेले. आपल्याला जवळचं म्हणजे ‘डायाना’ : कँटनहून मद्रासला निघालेलं हे जहाज १८१७ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत बुडालं. म्हणजे त्यातला माल हिंदुस्थानच्या बाजारासाठीच होता. अशा मालाची तारीख पक्की असते, हा नवशिक्याला केवढा तरी फायदा. पण जहाजाच्या गोष्टीचे पैसे मोजताना हात आखडता घ्या. समुद्राच्या वाळूनं झिलई खाल्लेली आणि रंग भुतासारखा फिका दिसणारी बशी ही केवळ गोष्टीमुळे कुणी गळ्यात मारत असेल तर ती तशीच राहू द्यावी. घेतलीच तर लिलावाचं चिकटवलेलं लेबल धुऊन टाकू नका. आणि नुसत्या लेबलावर विश्वासही ठेवू नका, ते एका वस्तूवरून दुसरीवर जातं.

क्राकच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नये. कांगशीच्या तर नाहीच नाही. तिथे नकला सगळ्यात चांगल्या आहेत.

हातात घेतल्यावर

सोबत दहापट भिंग, छोटा पांढरा टॉर्च, कापडी टेप आणि जमल्यास ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च ठेवा. वस्तू उचलण्याआधी विचारा, दोन्ही हातांनी धरा, काठाला किंवा कानाला धरून कधीच उचलू नका, आणि खाली टेबल किंवा कापड असल्याशिवाय उलटी करू नका.

मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात पाहिलेली नऊ इंची खोलगट बशी उदाहरणाला घेतो. “चाचा, उलटी करू का?” “करा ना. तळ बघणारं गिऱ्हाईक कमीच येतं.”

सगळ्यात आधी बुडाचं कडं. झिलई जिथे संपते आणि उघडी माती सुरू होते तिथे नारिंगी-तपकिरी बारीक रेघ होती. मातीतलं लोह भट्टीत तिथे रंग धरतं. रेघ सगळीकडे सारखी जाड नव्हती, एका बाजूला जवळपास नाहीशी झाली होती. हे चांगलं लक्षण. नकली रेघ ब्रशनं ओढलेली असते, म्हणून ती सगळीकडे सारखी आणि झिलईच्या वरही थोडी चढलेली दिसते. कड्यावरून बोट फिरवलं तर उंच भाग सहाणेसारखे गुळगुळीत झालेले, खोलगट भाग अजून खरखरीत. दोन-तीन ठिकाणी भट्टीतल्या वाळूचे कण झिलईत रुतून बसलेले. क्राकमध्ये असे कण अधिक असतात आणि तळावर मध्यापासून बाहेर जाणाऱ्या, कापणीच्या हत्यारानं उठलेल्या रेघाही दिसतात.

मग तळावरची झिलई. रंग निळसर करडा, मध्ये सुईनं टोचल्यासारखी भोकं आणि लोहाचे काळे ठिपके. तळ दुधासारखा शुभ्र आणि निर्दोष असेल तर मी सावध होतो. भिंगातून झिलईत बुडबुडे दिसतात : जुन्या, लाकडावर पेटणाऱ्या भट्टीतल्या झिलईत ते लहान-मोठे, विखुरलेले असतात, आधुनिक भट्टीत पुष्कळदा एकसारखे. हा एकट्यानं पुरणारा पुरावा नव्हे, पण इतर खुणांशी जुळतो का ते बघायचं.

काठावर तपकिरी पट्टा होता. कडेला टवके उडू नयेत म्हणून अठराव्या शतकात असा लोहाचा हात देत. तरी जागोजागी झिलई कुरतडल्यासारखी उडाली होती. नखानं चाचपलं की कळतं. आतल्या बाजूला सुरीचे ओरखडे, काही खोल, काही केसभर, सगळ्या दिशांनी. पॉलिशपेपरनं केलेले ओरखडे एका दिशेनं आणि एकाच खोलीचे असतात, आणि जिथे सुरी कधीच पोचणार नाही अशा जागीही असतात.

आता आवाज. बशी तीन बोटांच्या टोकांवर तोलून काठाला नखानं टिचकी मारायची. धड असेल तर खणखणीत, लांबत जाणारा आवाज येतो. ही बद्द वाजली. टॉर्च मागून धरला तेव्हा काठापासून आत इंचभर केसासारखा तडा दिसला. (बाटली, झाकणाची बरणी अशा बंद आकारांना ही परीक्षा लावू नका, त्या धड असूनही वाजत नाहीत.)

एवढं झाल्यावर मग चित्र पाहिलं. दोन मजली घर, पाइनचं झाड, होडी. आधी बारीक कुंचल्यानं बाह्यरेषा, मग जाड कुंचल्यानं आत पाणी सोडलेलं, आणि रेषेबाहेर थोडं सांडलेलंही. रंगवणारा दिवसभर हेच चित्र काढत असणार. पानांचे फटकारे बिनविचारी आणि जलद होते. नकलेत हात जपून चालतो, रेषा थांबत थांबत जाते. बशी चिएनलोंगच्या उत्तरार्धातली, प्रामाणिक आणि जखमी होती. तड्याकडे बोट दाखवून घासाघीस केली आणि घेतली. संशयास्पद अखंड वस्तूपेक्षा तडा गेलेली खात्रीची वस्तू मी केव्हाही घेईन.

दुरुस्ती ओळखणं

जुन्या काळी फुटलेल्या बशीला मागून भोकं पाडून धातूचे टाके घालत. असे टाके दिसले तर काढून टाकू नका. वस्तू जुनी आणि कुणालातरी मोलाची होती याची ती खूण आहे. त्रास असतो तो न दिसणाऱ्या दुरुस्तीचा. टवका भरून वर रंग आणि कृत्रिम झिलई फवारलेली असते. अतिनील प्रकाशात अंधाऱ्या खोलीत तो भाग वेगळा उजळतो. हात लावल्यावर तो बाकीच्या अंगाइतका गार लागत नाही, आणि भिंगातून पाहिलं की फवाऱ्याचा थर खऱ्या झिलईवर चढलेला दिसतो. ॲसिटोनचा बोळा लावून पाहण्याचा उद्योग मालकाला विचारल्याशिवाय करू नये.

फसवणारे सोबती

आपल्याकडच्या बाजारात चिनी म्हणून विकला जाणारा पुष्कळ माल इंग्रजी आहे. ‘विलो पॅटर्न’, म्हणजे पूल, त्यावर तीन माणसं आणि वर दोन पक्षी, ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये चिनी धर्तीवर तयार झाली आणि कागदावरून भांड्यावर छापली जाई. भिंगातून छापाच्या बारीक रेघा-ठिपके आणि काठाच्या नक्षीतला सांधा दिसतो. कुंचल्याचा ओघ कुठेच नाही. जपानी आरिता ओळखायला तळ बघा : भाजताना आधाराला लावलेल्या छोट्या खुंट्यांचे डाग तळाच्या झिलईवर बहुधा असतात, चिनी बशीवर नसतात.

नव्याला जुनं करण्याचे प्रकार ठरलेले. आम्लानं झिलईची चमक मारतात. मग ती सगळीकडे सारखीच मंद होते, काठ आणि कोपरेसुद्धा. बुडाच्या कड्याला चहाचा किंवा परमँगनेटचा रंग देतात. ओल्या पांढऱ्या कापडानं पुसून बघा.

तळावरच्या शिक्क्याचं काय

फार काही नाही. निर्यातीच्या बहुतेक बश्यांवर शिक्काच नसतो. कांगशी काळातल्या अनेक चांगल्या वस्तूंवर मिंग सम्राट छंगह्वा (१४६५–१४८७) याचं नाव आहे, कारण जुन्याचा मान राखण्याची ती रीत होती. १६७७ मध्ये जिंगदेझेनच्या अधिकाऱ्यानं चालू सम्राटाचं नाव भांड्यावर घालायला मनाई केली, तेव्हापासून काही काळ नुसतं दुहेरी वर्तुळ, पान किंवा शंख अशा खुणा दिसतात. उलट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्फाच्या भेगांवर प्लमची फुलं असलेल्या ढिगानं बरण्या झाल्या आणि त्यांच्या बुडाला कांगशीचं नाव घातलं गेलं. त्या शोभेला छान, कांगशीच्या भावानं घेऊ नका. रोमन लिपीत ‘चायना’ असेल तर वस्तू १८९१ नंतरची समजावी, कारण अमेरिकेच्या जकात कायद्यानं तेव्हापासून देशाचं नाव लिहिणं बंधनकारक केलं. ‘मेड इन चायना’ त्याहूनही उशिराचं.

कुठे आणि कसं घ्यावं

चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे फिरायला जावं, शिकायला जावं, पण तिथे क्राक निघेल या आशेनं नव्हे. खरी खरेदी आता लिलावांतूनच होते, भारताबाहेरच्या छोट्या प्रांतिक लिलावांतूनही. फोटोवरून घ्यायचं असेल तर एवढे मागा : वरून सरळ, तळ सरळ, कड्याचा तिरपा जवळून फोटो, पूर्ण काठ, मागून उजेड धरून एक, आणि सेंटिमीटरमध्ये माप. तळाचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. विकणाऱ्यानंच छापलेल्या ‘अस्सलतेच्या प्रमाणपत्रा’ची किंमत कागदाएवढी. त्यापेक्षा बिलावर काळ, देश आणि दोष स्पष्ट लिहून घ्या.

लिलावात हातोडा पडतो ती रक्कम अंतिम नसते. वर लिलावगृहाचं कमिशन (पंचवीस टक्क्यांच्या आसपास सहज), त्यावर कर, पॅकिंग, विमा, कुरिअर आणि कस्टम. स्वस्त बशीच्या बाबतीत हा खर्च बशीपेक्षा जास्त होतो, तेव्हा बोली लावण्याआधी उलटा हिशेब करून आपली कमाल रक्कम कागदावर लिहा.

घरी आणल्यावर

प्लॅस्टिकच्या टबात टॉवेल अंथरून कोमट पाणी आणि सौम्य साबण. नळाखाली, धातूच्या सिंकमध्ये धुऊ नका. दुरुस्ती असेल तर भिजत घालू नका, डिंक सुटतो. तड्यातला तपकिरी डाग घालवायला घरातलं ब्लीच वापरू नये. त्याचे क्षार आत राहून पुढे झिलई उचलतात. भिंतीवर टांगायची असेल तर स्प्रिंगच्या तारा टाळा, त्या काठावर सतत ताण देतात. बश्या एकमेकींवर ठेवल्या तर मध्ये फ्लॅनेल घाला, आणि उंच चळत करू नका. पावसाळ्यात पोर्सलीनला काही होत नाही, पण बिलं आणि लेबलं बुरशी खाते, म्हणून त्यांचे फोटो काढून ठेवा. प्रत्येक नगाची नोंद : कुठून, केव्हा, कितीला, माप, दोष, तळाचा फोटो.

आणि कायदा. १९७२ च्या पुरावस्तू व कलाकोष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरते, व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू घडली चीनमध्ये, म्हणून सूट मिळेल असं गृहीत धरू नका. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर बाहेर नेण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला घ्यावा लागतो. भाऊ न्यू जर्सीला आणि आपण डोंबिवलीला असं घर असेल तर नव्यानं घेतलेली प्रत्येक बशी कुणाच्या घरी राहणार हे ती विकत घेण्याआधीच ठरवा. इकडे आलेली जुनी बशी पुन्हा तिकडे पाठवणं बहुतेक वेळा होणार नाही.